प्रश्न तुमचे, उत्तर आमचे : सुईची जखम आणि एचआयव्ही

रुग्णालयांत काम करणाऱ्या वाचकांची आणि त्यांच्या घरच्यांची या विषयावरची पत्रं या वेळी एकत्र घेतली आहेत. पत्रं संक्षिप्त केली असून नावं वगळली आहेत.

प्रश्न : मी तीस खाटांच्या खासगी रुग्णालयात स्टाफ नर्स आहे. दोन महिन्यांपूर्वी नाइटला सलाईन लावताना इंट्राकॅथमधून (शिरेत बसवायच्या प्लास्टिकच्या नळीतून) काढलेली सुई हातमोज्यातून तर्जनीत घुसली. रुग्ण एआरटीवर (एचआयव्हीच्या औषधोपचारावर) आहे. मी बोट पिळून रक्त काढलं, वर स्पिरिट ओतलं. ड्युटीवरचे डॉक्टर म्हणाले, ‘सकाळी मोठे सर आले की बघू.’ गोळ्या सुरू व्हायला नऊ तास गेले. २८ दिवसांचा कोर्स पूर्ण केला, सहा आठवड्यांची तपासणी निगेटिव्ह आली. थांबले ते चुकलं का? धोका अजून किती आहे? (परिचारिका, सांगली जिल्हा)

उत्तर : सिस्टर, थांबायला नको होतं. पण नऊ तास म्हणजे संधी गेली असंही नाही.

आधी जखमेचं. सुई टोचली की हातमोजा काढायचा आणि जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली धुवायची. बस, एवढंच. बोट पिळल्याने विषाणू बाहेर पडतो याला आधार नाही, उलट तिथली सूज वाढते. स्पिरिट, आयोडिन, ब्लीच यांनी पेशी भाजतात, फायदा काही नाही. सवयीने बोट तोंडात जातं, तेही टाळायचं.

मग घड्याळ बघायचं. प्रतिबंधक गोळीचा पहिला डोस शक्यतो दोन तासांत पोटात गेला पाहिजे. शेवटची मर्यादा ७२ तासांची आहे, पण ती मर्यादा आहे, सवलत नव्हे. आत शिरलेला विषाणू आधी जखमेजवळच्या पेशींत मुक्काम करतो, तिथून दोन-तीन दिवसांत लसिकाग्रंथींपर्यंत पोचतो आणि मग रक्तात पसरतो. गोळी त्याला त्या पहिल्या मुक्कामातच गाठते. माकडांवरच्या एका प्रयोगात २४ तासांच्या आत टेनोफोविर हे विषाणूरोधक औषध सुरू करून ते २८ दिवस दिलेल्या गटात एकालाही लागण झाली नाही. उशिरा सुरू केलेल्या किंवा तीन-दहा दिवसांत थांबवलेल्या गटांत काहींना झाली. म्हणून ‘आधी रिपोर्ट, मग औषध’ हा क्रम उलटा आहे. पहिली गोळी घ्यायची. रुग्णाची तपासणी, तज्ज्ञांचा सल्ला, कागदपत्रं सगळं त्यानंतर. रुग्ण निगेटिव्ह निघाला आणि अलीकडे लागण झाल्याची शंका नसेल, तर गोळ्या बंद करता येतात.

आता धोका. एचआयव्हीबाधित रक्ताची सुई टोचली आणि काहीच औषध घेतलं नाही, तरी लागण होण्याचं प्रमाण सुमारे ०.३ टक्के आहे, म्हणजे हजारात तीन. हे झालं सरासरीचं; प्रत्येक टोचणी सारखी नसते. अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स आणि इटलीतल्या घटना तपासून १९९७ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. जखम खोल असेल तर धोका सुमारे १५ पट, सुईवर रक्त दिसत असेल तर सहा पट, सुई शिरेतून किंवा धमनीतून नुकतीच निघालेली असेल तर चार पट, आणि रुग्ण आजाराच्या शेवटच्या टप्प्यात असेल तर पाच पटींहून जास्त. त्याच अभ्यासात झिडोव्हुडिन हे तेव्हाचं एकटं औषध घेतलेल्यांत लागण सुमारे ८१ टक्क्यांनी कमी दिसली. आजच्या तीन औषधांची जोडणी त्याहून सरस मानली जाते.

तुमच्या बाबतीत दोन गोष्टी विरोधात आहेत: सुई आतून पोकळ होती आणि शिरेतून निघाली होती. तुमच्या बाजूच्या गोष्टी जास्त आहेत. हातमोज्याने सुईवरचं बरंच रक्त बाहेरच पुसून घेतलं, गोळ्या मुदतीत सुरू झाल्या, कोर्स पूर्ण झाला. रुग्ण एआरटीवर असून त्याचा व्हायरल लोड (रक्तातलं विषाणूचं प्रमाण) दबलेला असेल, तर धोका आणखी बराच खाली येतो. अमेरिकेत १९८५ ते २०१३ या काळात आरोग्यसेवकांना कामावर एचआयव्ही झाल्याच्या ५८ घटना पक्क्या नोंदल्या गेल्या, त्यांत २४ परिचारिका होत्या. १९९९ नंतरची घटना मात्र एकच, आणि तीही प्रयोगशाळेतल्या तंत्रज्ञाची. तीन महिन्यांची आणि सहा महिन्यांची तपासणी तेवढी चुकवू नका. तोवर रक्तदान नको आणि संबंधात निरोध वापरायचा.

डॉक्टरांच्या ‘सकाळी बघू’बद्दल. एचआयव्ही आणि एड्स (प्रतिबंध व नियंत्रण) कायदा २०१७ सालचा, लागू झाला १० सप्टेंबर २०१८ पासून. त्याच्या कलम १९ नुसार सुरक्षेची साधनं, त्यांचं प्रशिक्षण आणि अशा प्रसंगी प्रतिबंधक औषध पुरवणं ही रुग्णालयाची जबाबदारी आहे, मग ते सरकारी असो वा खासगी. तीस खाटांच्या रुग्णालयात ही गोळी कपाटात नसणं समजण्यासारखं आहे. पण जवळचं एआरटी केंद्र कुठे, रात्री जिल्हा रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत कुणाला भेटायचं, हे ड्युटी रूमच्या भिंतीवर लिहिलेलं असायलाच हवं. इन्चार्ज सिस्टरांकडे हा आग्रह आजच धरा. घटनेची लेखी नोंद झाली नसेल तर तीही करून घ्या: वेळ, सुईचा प्रकार, जखम किती खोल, हातमोजा होता का. आणि त्या वेळची तुमची स्वतःची पहिली एचआयव्ही तपासणी जपून ठेवा. लागण कामाआधीची नव्हती हे दाखवणारा कागद तोच.

प्रश्न : सुई नेमकी टोचते कधी? आम्हाला दर वेळी ‘काळजी घ्या’ एवढंच सांगतात. (जीएनएम तृतीय वर्ष, नाशिक)

उत्तर : टोचत असताना क्वचित, टोचून झाल्यावर जास्त.

इंट्राकॅथ लावतानाचे ते दहा सेकंद डोळ्यांसमोर आणा. शीर सापडली, रक्त दिसलं, टुर्निके (हाताला आवळून बांधलेला पट्टा) सोडला. डाव्या बोटाने कॅथेटरच्या टोकापाशी शीर दाबून धरली आहे, उजव्या हातात बाहेर काढलेली रक्ताळलेली सुई आहे, आणि त्याच हाताने सलाईनची नळी जोडायची आहे. शार्प कंटेनर, म्हणजे सुया टाकायचा डबा, वॉर्डच्या दुसऱ्या टोकाला. मग सुई गादीत खोचली जाते, नाहीतर किडनी ट्रेमध्ये गॉजखाली पडते. पुढे चादर बदलणाऱ्या मावशीला किंवा ट्रे आवरणाऱ्या सिस्टरला ती टोचते. दोष हाताचा कमी, कंटेनरच्या जागेचा जास्त. सुई टाकण्याचा डबा हात पोचेल इतक्या अंतरावर ठेवूनच पॅकेट फोडायचं. आत सुरक्षा-टोपी असलेले इंट्राकॅथ मिळत असतील तर तेच मागा. सुई ओढताच टोक झाकलं जातं.

दुसरी वेळ रिकॅपिंगची. टोपण डाव्या हातात आणि सुई उजव्या हातात धरून बसवायला गेलं की नेम चुकतो आणि अंगठा किंवा तर्जनी सापडते. वापरलेल्या सुईला टोपण लावायचंच नाही. अगदी नाइलाज असेल तर टोपण ट्रेवर आडवं ठेवून, एकाच हाताने सुई त्यात सरकवून उचलायची. दुसरा हात पाठीमागे. स्काल्प व्हेन सेट (पंख असलेली छोटी सुई आणि तिची नळी) काढताना त्याची नळी स्प्रिंगसारखी उसळते, तेव्हा सुई निघेपर्यंत पंख सोडायचे नाहीत. शुगर तपासायचं लॅन्सेट चिमुकलं दिसतं म्हणून खिशात जातं, तेही शार्पच.

टाकण्याची पद्धत २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांत स्पष्ट आहे. सुया, ब्लेड, लॅन्सेट न भोसकणाऱ्या पांढऱ्या अर्धपारदर्शक डब्यात. हब कटरने सुई कापून झाली की सिरिंज लाल पिशवीत. हातमोजे, सलाईन सेट, कॅथेटरही लाल पिशवीत. रक्ताळलेला कापूस आणि ड्रेसिंग पिवळ्या पिशवीत. डबा तीन चतुर्थांश भरला की बंद करायचा. ‘अजून मावतंय’ म्हणत वरून दाबणाऱ्यांनाच तळातून उभी राहिलेली सुई भेटते.

प्रश्न : मुलीची पोस्टिंग एचआयव्हीच्या रुग्णांकडे लागली आहे. ती त्यांना आंघोळ घालते, उलटी आवरते, घरी येऊन माझ्या हातचं जेवते. तिचे कपडे, ताट वेगळं ठेवू का? (पालक, लातूर)

उत्तर : ताई, काहीही वेगळं ठेवू नका. घाम, अश्रू, लाळ, थुंकी, लघवी, शौच, उलटी यांत डोळ्यांना दिसेल असं रक्त नसेल तर एचआयव्ही पसरत नाही. स्पंज बाथ, अंगाला हात लावणं, एकाच ताटात जेवणं यांतूनही नाही. परिचारिकेने जपायचं ते रक्तापासून, गर्भजलापासून, मेंदूमणक्यातल्या आणि छाती-पोटातून काढलेल्या पाण्यापासून. तेही सुई, उघडी जखम, डोळा किंवा तोंड यांच्या वाटेने आत जाऊ नये म्हणून. हाताला चीर असेल तर तिने ती वॉटरप्रूफ पट्टीने झाकून मगच हातमोजे घालावेत. उलटी आवरतानाही हातमोजे हवेत, पण ते इतर जंतूंसाठी.

प्रश्न : आमच्या वॉर्डात पॉझिटिव्ह रुग्णांच्या खाटेवर लाल स्टिकर लावतात. त्यांच्यासाठी दोन हातमोजे, बाकीच्यांना कधी एक, कधी नुसता हात. हे योग्य आहे? (ब्रदर, ठाणे)

उत्तर : नाही. कायद्यानेही नाही, कामाच्या हिशेबानेही नाही. उपचार करणाऱ्या पथकाला गरजेपुरती माहिती असणं वेगळं, आणि खाटेवरचा स्टिकर पाहुण्यांना, वॉर्डबॉयना, जेवण आणणाऱ्या माणसाला वाचायला ठेवणं वेगळं. हे दुसरं रुग्णाच्या संमतीशिवाय करता येत नाही.

कामाचा हिशेब तर आणखी सरळ आहे. स्टिकर असलेला रुग्ण एआरटीवर असतो, त्याच्या रक्तात विषाणू बहुधा दबलेला असतो. ज्याची तपासणीच झालेली नाही, किंवा नुकतीच लागण होऊन रिपोर्ट अजून निगेटिव्ह येतो आहे, त्याच्या रक्तात विषाणू भरपूर असू शकतो, आणि त्याच्याच खाटेशी तुम्ही नुसत्या हाताने उभे आहात. शिवाय हिपॅटायटिस बी आहेच. लस न घेतलेल्या माणसाला बाधित सुई टोचली तर त्याची लागण होण्याचं प्रमाण ६ ते ३० टक्के, एचआयव्हीच्या कित्येक पट. तिथे उपाय हाताशी आहे: ०, १ आणि ६ महिन्यांना लस, आणि शेवटच्या डोसनंतर एक-दोन महिन्यांनी अँटी-एचबीएस ही लस लागू पडली का ते सांगणारी रक्ततपासणी. आकडा १० किंवा वर आला की झालं. लस बहुतेकांनी घेतलेली असते, ही तपासणी मात्र राहून जाते.

प्रश्न : प्रसूती करताना पाण्याची पिशवी फुटून गर्भजल डोळ्यात उडालं. मी चष्मा लावते, तरी आत गेलं. (एएनएम, प्राथमिक आरोग्य केंद्र, नंदुरबार)

उत्तर : नंबरचा चष्मा बाजूंनी उघडा असतो, लेबर रूममध्ये त्यावरून बसणारा गॉगल किंवा फेस शील्ड हवी, सोबत प्लास्टिकचा ॲप्रन. डोळ्यात उडालं तर डोळा चोळायचा नाही, साबण किंवा औषध घालायचं नाही. खुर्चीत मान मागे टाकून बसा आणि सहकाऱ्याला पाणी किंवा नॉर्मल सलाईन डोळ्यावर ओतायला सांगा. मधूनमधून पापण्या वर-खाली ओढायच्या. कॉन्टॅक्ट लेन्स असेल तर धुताना ती तशीच राहू द्या, मग काढून स्वच्छ करा. तोंडात उडालं तर थुंकून पाण्याने पुन्हा पुन्हा चूळ भरायची. रक्त डोळ्यात किंवा तोंडात उडून लागण होण्याचं प्रमाण सुमारे ०.०९ टक्के, म्हणजे हजारात एकाहूनही कमी. तरी आई पॉझिटिव्ह असेल किंवा तिची तपासणी झालेली नसेल, तर गोळीचा निर्णय त्याच दिवशी व्हायला हवा.

प्रश्न : प्रतिबंधक गोळ्या सुरू आहेत. मळमळतं, झोप लागत नाही. मला हिपॅटायटिस बी असल्याचं याच वेळच्या तपासणीत कळलं. गोळ्या सोडू का? (परिचारिका, पणजी)

उत्तर : स्वतःहून सोडू नका, आणि तुमच्या बाबतीत २८ दिवस संपल्यावरही नाही.

एका गोळीत टेनोफोविर ३००, लॅमिव्युडिन ३०० आणि डोल्युटेग्राविर ५० मिलिग्रॅम असतं, रोज एक. झोप उडत असेल तर रात्रीऐवजी सकाळी घ्या, मळमळ असेल तर जेवणानंतर. मळमळीवर ॲसिडिटीचं पातळ औषध सुरू केलं असेल तर अंतर ठेवा: त्यातलं ॲल्युमिनियम-मॅग्नेशियम डोल्युटेग्राविरला बांधून ठेवतं, म्हणून गोळी त्याच्या दोन तास आधी किंवा सहा तास नंतर. लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्यांनाही हेच अंतर; जेवणासोबत घेतल्या तर एकत्र चालतात. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन किंवा क्षयासाठी रिफाम्पिसिन चालू असेल तर डॉक्टरांना आधी सांगा, मात्रा बदलावी लागते. मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिनही तपासून घ्या.

राहिली हिपॅटायटिस बीची गोष्ट. टेनोफोविर आणि लॅमिव्युडिन त्या विषाणूलाही दाबून ठेवतात. ती अचानक थांबली की यकृताचा आजार उसळू शकतो. त्यामुळे तिसरा आठवडा संपायच्या आत यकृततज्ज्ञांना भेटा. पुढे टेनोफोविर एकटं चालू ठेवायचं की लक्ष ठेवून थांबवायचं, हे ते यकृताच्या तपासण्या आणि हिपॅटायटिस बीचा व्हायरल लोड पाहून ठरवतील.