तुमचे प्रश्न : व्हायझॅग, तिथलं बंदर आणि बंदरावरची माणसं

मागच्या अंकात नौदलाच्या शहरांबद्दल थोडं लिहिलं होतं, त्यात आंध्रातल्या विशाखापट्टणमचा, म्हणजे लोकांच्या तोंडच्या व्हायझॅगचा, उल्लेख आला आणि त्यावर एवढे प्रश्न आले की यावेळचा सगळा कॉलम त्यालाच देतेय. मी तिथं काही वर्षं राहिलेय, त्यामुळे मायेनं लिहिलं जाणार हे आधीच सांगून ठेवते.

प्रश्न : माझे आजोबा तुमसरकडे मँगनीजच्या खाणीवर मुकादम होते. आपला माल रेल्वेनं वॉल्टेरला जातो आणि तिथून बोटीनं विलायतेला, असं ते सांगायचे. वॉल्टेर म्हणजे व्हायझॅगच का? आणि एवढ्या लांब का पाठवायचे, मुंबई नव्हती का? — एक वाचक, भंडारा

हो, तेच. वॉल्टेर हा शहराचा उत्तरेकडचा उंचावरचा भाग, साहेबलोकांची वस्ती तिथं होती, आणि रेल्वे स्टेशनचं नावसुद्धा कितीतरी वर्षं वॉल्टेरच होतं. आजोबांनी अगदी बरोबर सांगितलंय.

आता मुंबई का नाही. तुमसर, बालाघाट, नागपूर या सगळ्या पट्ट्यातला मँगनीज मुंबईला किंवा कलकत्त्याला न्यायचा तर अंतर प्रचंड, आणि खनिज म्हणजे जड माल, त्यात भाड्यातच सगळा फायदा जातो. बंगाल नागपूर रेल्वेनं मग रायपूरहून विजयनगरमला जंगल-डोंगरातून लाइन टाकली, ती १९३१ ला पूर्ण झाली आणि मध्य प्रांताला समुद्र एकदम जवळ आला. पण नुसती लाइन टाकून काय होणार, जहाज उभं कुठे राहणार? मद्रास ते कलकत्ता या अख्ख्या किनाऱ्यावर मोठ्या जहाजाला आत शिरून थांबता येईल अशी जागाच नव्हती, जहाजं लांब समुद्रात नांगर टाकायची आणि फळ्या दोरीनं शिवून केलेल्या मसुला बोटींतून माल नि माणसं लाटांवरून किनाऱ्यावर यायची.

व्हायझॅगला डॉल्फिन्स नोज नावाचा डोंगर थेट समुद्रात घुसलाय, त्याच्या आडोशाला मेघाद्रीगेड्डा ओढ्याचं खाजण होतं, नुसता चिखल आणि भरतीचं पाणी. ते खाजण उपसून, खोल करून बंदर केलं. तोंडाशी वाळू येऊ नये म्हणून दोन जुनी जहाजं मुद्दाम बुडवली आणि त्यांच्या आधारानं लाटांना अडवणारा बांध घातला. ७ ऑक्टोबर १९३३ ला पहिलं जहाज आत आलं, 'जलदुर्गा', आणि १९ डिसेंबरला व्हाइसरॉय विलिंग्डनच्या हस्ते रीतसर उद्घाटन झालं. मला हे फार महत्त्वाचं वाटतं, कारण लोक समजतात व्हायझॅग नेव्हीनं वसवलं. नेव्ही मोठ्या प्रमाणावर नंतर आली. आधी खनिज आलं, त्याच्यासाठी बंदर आलं, आणि त्या बंदरामागे तुमच्या भंडाऱ्याची खाण होती.

वाळूचं दुखणं मात्र अजून संपलेलं नाही. तिथं किनाऱ्याला लागून वाळू दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकत असते, बंदराच्या बांधामुळे ती अडते आणि पलीकडची चौपाटी, म्हणजे आर. के. बीच, खचत जाते. म्हणून गाळ काढायचा आणि ती वाळू चौपाटीवर नेऊन टाकायची हे काम चालूच असतं.

प्रश्न : व्हायझॅगमध्ये 'सिंधिया' नावाचा भाग आहे असं ऐकलं. ग्वाल्हेरच्या शिंद्यांचा काही संबंध? — एक वाचक, सोलापूर

संबंध आहे पण वळसा घालून, आणि तो वळसा तुमच्याच गावावरून जातो! सोलापूरचे वालचंद हिराचंद आणि त्यांच्या भागीदारांनी ग्वाल्हेरच्या महाराजांकडून 'लॉयल्टी' नावाचं जहाज विकत घेतलं आणि १९१९ ला सिंधिया स्टीम नेव्हिगेशन कंपनी काढली. ५ एप्रिल १९१९ ला ते मुंबईहून लंडनला निघालं, त्याची आठवण म्हणून ५ एप्रिल हा राष्ट्रीय सागरी दिन. वर सांगितलेलं 'जलदुर्गा' पण याच कंपनीचं.

जहाजं चालवून वालचंदांचं समाधान होईना, त्यांना ती इथंच बांधायची होती. इंग्रज सरकारला त्यात काडीचा रस नव्हता. शेवटी २१ जून १९४१ ला व्हायझॅगला राजेंद्रप्रसादांच्या हस्ते जहाज कारखान्याची पायाभरणी झाली, वर्षही झालं नाही तोवर ६ एप्रिल १९४२ ला जपानी विमानांनी शहरावर बॉम्ब टाकले, लोक घरं सोडून खेड्यापाड्यांत पळाले. तरी काम उभं राहिलं आणि १४ मार्च १९४८ ला 'जल उषा' पाण्यात उतरली, पंडित नेहरू स्वतः आले होते. पुढे कारखाना सरकारकडे गेला, तोच आजचा हिंदुस्तान शिपयार्ड. कारखान्याजवळच्या वस्तीला अजून सिंधियाच म्हणतात, रिक्षावाल्याला नुसतं 'सिंधिया' सांगितलं की पुरतं. सोलापूरच्या शाळांतल्या मुलांना हे सगळं माहीत असायला पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

प्रश्न : गाझी पाणबुडी नक्की कशी बुडाली? प्रत्येक व्हिडिओत वेगळं सांगतात. — एक वाचक, पुणे

जे पक्कं आहे तेवढं सांगते. पाकिस्तानची गाझी १९७१ च्या युद्धात 'विक्रांत' या विमानवाहू जहाजाच्या मागावर आली होती. विक्रांत तेव्हा व्हायझॅगला नव्हतीच, तिला अंदमानकडे हलवलं होतं, आणि ती इथंच आहे असं भासवायला 'राजपूत' या जुन्या विनाशिकेवरून खोटे संदेश पाठवले जात होते. ३ आणि ४ डिसेंबरच्या मधल्या रात्री बंदराच्या तोंडाबाहेर गाझी बुडाली, आतले सगळेच्या सगळे गेले. आपलं नौदल म्हणतं राजपूतनं टाकलेल्या पाण्याखाली फुटणाऱ्या बॉम्बनी (डेप्थ चार्ज), पाकिस्तान म्हणतं तिनंच पेरलेल्या सुरुंगांचा अपघात. दोन्ही बाजू आपापल्या म्हणण्यावर आजही ठाम आहेत, त्यामुळे छातीठोकपणे एकच उत्तर देणाऱ्या व्हिडिओवर विश्वास ठेवू नका. अवशेष अजून तिथंच समुद्रात आहेत, आणि आत माणसं होती हे विसरून त्यावर थट्टा करणं मला पटत नाही.

एक गोष्ट राहून जाते. सकाळी पाण्यावर तरंगणाऱ्या वस्तू पहिल्यांदा सापडल्या त्या स्थानिक मच्छीमारांना, आणि त्यांनीच त्या नौदलाकडे पोचवल्या. विजयाचं स्मारक आर. के. बीचवर आहे, तिथं उभं राहिलात तर ही माणसंही आठवा.

प्रश्न : आम्ही मालवणचे, घरात मासेमारी. २०२३ ला नौदल दिन आमच्याकडे सिंधुदुर्गात झाला तेव्हा सगळीकडे व्हायझॅगच्या कार्यक्रमाचं कौतुक चाललेलं. तिथल्या आमच्यासारख्यांचं काय? नेव्हीमुळे त्यांचं भलं झालं की वाटोळं? — एक वाचक, मालवण

तुमचा प्रश्न मला सगळ्यात आवडला, म्हणून सविस्तर.

तिथले मूळ मच्छीमार म्हणजे जालारी आणि वाडाबलिजा. हे लोक बंदराच्या आधीपासूनचे, इंग्रजांची वखार सतराव्या शतकात आली त्याच्याही आधीपासूनचे. लाकडाचे ओंडके एकत्र बांधून केलेल्या तेप्प्यावर बसून ते उघड्या समुद्रात जायचे, आता बहुतेक फायबरच्या बोटी नि मोटर. गंगम्मा ही त्यांची देवी, हंगाम सुरू होताना तिला मान. पुरुष समुद्रावर आणि विक्रीचा सगळा व्यवहार बायकांच्या हातात, पहाटे फिशिंग हार्बरला गेलात तर लिलावात बायकांचा आवाज सगळ्यांच्या वर ऐकू येईल, आपल्याकडच्यासारखंच. बंदीचा काळ मात्र वेगळा, त्यांच्याकडे १५ एप्रिल ते १४ जून, आपल्याकडे १ जूनपासून, म्हणजे तुमच्या बोटी वर ओढल्या जातात तेव्हा त्यांच्या उतरायच्या बेतात असतात.

आता भलं की वाटोळं. बंदर, शिपयार्ड, डॉकयार्ड, स्टील प्लांट या सगळ्यांनी त्या भागात हजारो घरांना पगार दिला आणि कोळीवाड्यांतली काही मुलंही तिथं लागली, हे खरंय. पण जागा कोणाची गेली ते बघा. स्टील प्लांटसाठी शेतकऱ्यांची गावं उठली, शेजारी गंगावरम बंदर झालं तेव्हा तिथल्या मच्छीमारांचा किनाराच गेला, दक्षिणेला रांबिल्लीकडे नौदलाचा नवा तळ होतोय तिथंही गावं हलली. नौदल दिनाच्या तालमी चालू असतात तेव्हा त्या पट्ट्यात बोटींना मज्जाव. युद्धनौकांच्या हद्दीजवळ जाळं टाकता येत नाही हे समजण्यासारखं आहे, देशाच्या सुरक्षेचा प्रश्न आहे, पण त्या दिवसाचं बुडालेलं उत्पन्न कोणीतरी भरून द्यायला नको का? माझं मत स्पष्ट आहे, ते द्यायलाच पाहिजे.

त्यात निसर्ग पण सोडत नाही. १२ ऑक्टोबर २०१४ ला हुदहुद वादळ थेट शहरावर आदळलं, विमानतळाचं छप्पर उडालं तिथं कोळ्यांच्या झोपड्यांचं काय झालं असेल. नोव्हेंबर २०२३ मध्ये फिशिंग हार्बरला रात्री आग लागली आणि तीसच्या वर बोटी जळाल्या. एक बोट म्हणजे किती घरांची चूल, हे तुम्हाला मी काय सांगायचं.

तरी नेव्ही आणि कोळीवाडा एकमेकांचे वैरी आहेत असं समजू नका. वादळात हरवलेल्या बोटी शोधायला नौदलाची हेलिकॉप्टरं जातात, आणि समुद्रात काही संशयास्पद दिसलं तर पहिली खबर देणारे मच्छीमारच असतात. फक्त हिशोब दोन्ही बाजूंनी व्हावा एवढंच.

प्रश्न : मुलाची पोस्टिंग व्हायझॅगला झालीय, सून आणि नात पण जाणार. भाषा येत नाही, जमेल का? — एक आजी, ठाणे

आजी, अजिबात काळजी करू नका. १९६८ पासून ते पूर्व नौदल कमांडचं मुख्यालय आहे, नौसेना बाग, डॉल्फिन हिल अशा वसाहतींत देशभरची कुटुंबं राहतात, शेजारी पंजाबी, समोर मल्याळी, आणि एखादं तरी मराठी घर निघतंच. नेव्हीची शाळा आहे, कल्याणी हॉस्पिटल आहे. वसाहतीत हिंदीवर भागतं. पण सुनेला सांगा, थोडी तेलुगू शिकून घ्या म्हणावं, रयतू बाजारात, म्हणजे शेतकऱ्यांच्या बाजारात, भाजी घेताना 'एंता?' (केवढ्याला?) विचारलं तरी भाजीवाली खूश होते. नाहीतर तीन वर्षं त्या गेटच्या आतच संपतात आणि शहर बघायचं राहून जातं, हे मी फार घरांत पाह्यलंय. अक्षय तृतीयेला सिंहाचलमच्या देवळात जायला मिळालं तर बघा, वर्षभर चंदनाच्या लेपात असलेल्या देवाचं मूळ रूप त्या एकाच दिवशी दिसतं, गर्दी मात्र भयंकर असते, नातीला घेऊन नको.

प्रश्न : अरकूला जाताना एक दिवस व्हायझॅगला आहोत. पाणबुडी सोडून काय बघावं? — एक वाचक, कोल्हापूर

पाणबुडी पण बघा, बीचवर संग्रहालय करून ठेवलेली आपली 'कुरसुरा' ३१ वर्षं सेवेत होती, आतून चालत गेल्यावर कळतं माणसं किती दाटीत राहायची. पण सकाळ वन टाउनला द्या, म्हणजे जुन्या गावाला. बंदराच्या तोंडाशी ओळीनं तीन टेकड्या आहेत, एकीवर मेरीचं चर्च, मधलीवर इशाक मदनी बाबांचा दर्गा, तिसरीवर व्यंकटेश्वराचं मंदिर. जाणारं-येणारं जहाज दर्ग्यासमोर तीन वेळा झेंडा खाली-वर करून सलाम करायचं, असं इंग्रजांच्या काळातल्या नोंदींत आहे. वरून बंदराचा चिंचोळा रस्ता नि समोरचा डॉल्फिन्स नोज दिसतो, खाजणाचं बंदर कसं केलं ते तिथं उभं राहिल्यावर झटकन समजतं. खाली कुरुपाम मार्केटच्या गल्ल्या, जुनी घरं, त्यांवर खनिजाची नि कोळशाची धूळ. तिथले लोक या धुळीची तक्रार वर्षानुवर्षं करतायत. शहरात बर्मा कॅम्प नावाची वस्ती आहे, रंगूनला कामाला गेलेली तेलुगू कुटुंबं परत आली ती तिथं राहिली.

संध्याकाळी बीचवर मुरी मिक्स्चर, म्हणजे चुरमुऱ्यांची भेळ, खा. नौदलाच्या हद्दीजवळ मोबाइल खिशात ठेवा, विमानतळावरसुद्धा, कारण ती धावपट्टी नौदलाची आहे. आणि कुरसुरा सोमवारी बंद असते, तिकीट काढायच्या आधी वार बघून घ्या.