शटडाऊनला टाळेबंदी म्हणायचं का?

प्रश्न असा आलाय की अमेरिकेत सरकारचा शटडाऊन झाला त्याची बातमी मराठीत 'अमेरिकेत टाळेबंदी' अशी वाचली, ते बरोबर आहे का, आणि नसेल तर शटडाऊनला मराठीत म्हणायचं काय.

माझ्या मते चूक आहे. टाळेबंदी हा शब्द कारखान्याच्या गेटवरचा आहे. कामगारांनी काम थांबवलं तर तो संप, आणि मालकाने कामगारांना वाकवण्यासाठी गेटला कुलूप लावलं तर ती टाळेबंदी, म्हणजे लॉकआउट. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात या दोन्हीच्या वेगवेगळ्या व्याख्या होत्या, पुढे त्यात क्लोजरचीही भर पडली, म्हणजे कायमचंच बंद करणं. गिरणगावातल्या जुन्या माणसाला विचारा, तो यात गल्लत करणार नाही. १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुरू झाला तो संप होता, त्याला कोणी टाळेबंदी म्हणत नाही, मग त्यानंतर कितीतरी गिरण्यांचे भोंगे पुन्हा वाजलेच नाहीत तरीही.

मग २०२० साली लॉकडाऊन आलं आणि लॉक दिसलं की टाळं या हिशोबाने पेपरांनी त्यालाही टाळेबंदी करून टाकलं. तेव्हा दुसरा शब्द पटकन हाताशी नव्हता आणि लोकांना समजलं, म्हणून चाललं. पण त्यामुळे झालं काय की आता इंग्रजीत शेवटी 'डाऊन' असलेलं काहीही आलं की टाळेबंदी चिकटवायची सवय लागली. (काही जण तर 'ताळेबंदी' लिहितात. अहो, ताळेबंद म्हणजे बॅलन्स शीट, कुलपाशी त्याचा काही संबंध नाही.)

अमेरिकेत काय होतं ते बघा. तिथलं सरकारी आर्थिक वर्ष १ ऑक्टोबरला सुरू होतं, तोपर्यंत काँग्रेसने (म्हणजे तिथल्या संसदेने) खर्चाची मंजुरी दिली नाही की सरकारी खात्यांना पैसे खर्च करायची परवानगीच उरत नाही. मग अत्यावश्यक कामाची माणसं पगाराविना कामावर येतात आणि बाकीच्यांना घरी बसवतात. २०१८-१९ चा शटडाऊन ३५ दिवस चालला होता, २०२५ चा त्याहून लांबला, ४३ दिवस. यात कोणी मालक कामगारांवर चिडून गेटला कुलूप लावत नाहीये, भांडण वर चाललंय आणि खाली पैसा अडलाय. आपल्याकडे हे होत नाही कारण बजेट वेळेत झालं नाही तर लेखानुदान, म्हणजे तेवढ्यापुरत्या खर्चाची मंजुरी, घेतात, आणि लोकसभेत खर्चाची मागणीच पडली तर सरकारच जातं. वस्तूच नाही म्हणून तिचा घरचा शब्दही नाही, साधी गोष्ट आहे. मी बातमी लिहीत असतो तर 'अमेरिकेत सरकारी कामकाज ठप्प' लिहिलं असतं आणि खाली मजकुरात सरळ शटडाऊन.

आता मूळ शब्दाकडे. शटडाऊन हा शब्द आपल्याकडे अमेरिकेच्या बातम्यांतून आलेलाच नाही, तो खूप आधी वायरमन आणि फिटर लोकांनी आणला. माझे मामा वीज मंडळात होते, त्यांच्या तोंडी कायम 'आज शटडाऊन घेतलाय'. घेतलाय हे क्रियापद लक्षात घ्या. वरून रीतसर परवानगी मागायची, लाईन बंद करून घ्यायची, मग खांबावर चढायचं, आणि सगळी माणसं खाली उतरली असं कळवल्याशिवाय लाईन पुन्हा चार्ज करायची नाही. म्हणजे शटडाऊन ही ठरवून, पायरीपायरीने, परत सुरू करायच्या बोलीवर थांबवलेली गोष्ट. अचानक तार तुटून लाईट गेली तर तो ब्रेकडाऊन, त्याला मामा कधी शटडाऊन म्हणायचे नाहीत. कॉम्प्युटरचंही तेच, शटडाऊन केला तर तो आधी फाईली वगैरे आवरतो आणि मग झोपतो, प्लग खेचला तर नुसता बंद पडतो.

आणि इथेच मराठीची खरी गंमत आहे. लोक म्हणतात आपल्याकडे सगळ्याला एकच शब्द, 'बंद'. पण आपण फरक नामात करतच नाही, क्रियापदात करतो. मशीन बंद पडलं, बंद केलं, बंद ठेवलं, बंद पाडलं, हे चार वेगळे प्रसंग आहेत. पडलं म्हणजे ब्रेकडाऊन, केलं म्हणजे शटडाऊन, ठेवलं म्हणजे देखभालीला किंवा सणाला, आणि पाडलं म्हणजे यात कोणाचा तरी हात आहे (विरोधकांनी सभागृहाचं कामकाज बंद पाडलं, ते आठवा). इंग्रजीला यासाठी दोन-तीन नामं लागतात, आपलं पड-पाड मध्ये काम होतं. म्हणून 'शटडाऊनला एक मराठी शब्द द्या' हा हट्टच मला जरा चुकीचा वाटतो, वाक्य द्या, शब्द मिळेल.

शिवाय धंद्याधंद्याचे शब्द आहेतच. मुंबईत रेल्वे रविवारी घेते तो मेगाब्लॉक. साखर कारखान्याचा गळीत हंगाम संपला की सांगली-कोल्हापूरकडे 'कारखान्याचा पट्टा पडला' म्हणतात, तिथे कोणी शटडाऊन म्हटलं तर ऊसवाला बघतच राहील. सहकारी बँक कायमची गुंडाळायची वेळ आली की ती अवसायनात निघते.

आणखी एकाने विचारलंय की मग शटडाऊनला हरताळ का नको. तर हा हरताळ हाट म्हणजे बाजार आणि ताला म्हणजे टाळं, कुलूप यातून आलाय, निषेध म्हणून दुकानं बंद ठेवणं, देखभालीच्या कामाला तो शोभणार नाही. आणि 'नियमांना हरताळ फासला' मधला हरताळ पूर्ण वेगळा बरं का. तो पिवळा खनिज रंग, पोथी लिहिताना चुकलेल्या अक्षरांवर फासून ती बुजवायचे, त्याचा संपाशी संबंध जोडू नका.

राहिला दुकानदार. तो रोज रात्री अक्षरशः शटर डाऊन करतो, पण जुना माणूस असेल तर 'दुकान बंद केलं' म्हणणार नाही, अशुभ वाटतं ना. तो म्हणतो, दुकान वाढवलं.