एपीएलसारख्या चिन्हांच्या प्रोग्रामिंग भाषा खरंच इतक्या अवघड असतात का? आणि तरी लोक त्यांच्या प्रेमात का पडतात?

चिन्हं सरावाने लवकर बसतात; अवघड जातं ते लूप (एकेक आकडा घेऊन तीच कृती पुन्हा पुन्हा करणं) सोडून आख्ख्या अ‍ॅरेचा (आकड्यांच्या यादीचा किंवा सारणीचा) एकदम विचार करणं, आणि त्या भाषांची खरी ओढही तीच आहे. केनेथ आयव्हर्सन यांनी हार्वर्डमध्ये एपीएल ही मुळात गणित मांडायची लिपी म्हणून रचली. संगणकावर ती नंतर आली. म्हणून तिच्यात चिन्हं एकमेकांशी जुळतात: +/ म्हणजे यादीची बेरीज, ×/ म्हणजे गुणाकार, ⌈/ म्हणजे सर्वांत मोठी संख्या. / म्हणजे त्याच्या डावीकडची क्रिया यादीतल्या सगळ्या आकड्यांमध्ये लावणं; तो एक कळला की तिन्ही कळले! सरासरीसाठी +/÷≢ (बेरीज भागिले आकडे किती ते) एवढंच पुरतं, आणि कल्पना डोळ्यांसमोर अशी अख्खी दिसण्याचा आनंद फार मोठा आहे.

सुरुवातीला हमखास अडखळायला होतं ते क्रमावर. इथे गुणाकाराला अग्रक्रम नाही, सगळं उजवीकडून सुटतं. त्यामुळे ३×२+४ चं उत्तर १० नव्हे, १८ येतं.

मात्र हा फायदा आकड्यांच्या सारण्या, मॅट्रिक्स अशा कामांतच ठळक दिसतो. पायरीपायरीने अटी तपासत जाणाऱ्या कामाला पायथॉन बरी. आणि कीबोर्डचीच अडचण असेल तर आयव्हर्सन यांचीच पुढची भाषा ‘जे’ घ्या, ती नेहमीच्या कळांवर लिहिता येते.