वाचक विचारतात : नावावर नाही म्हणजे हक्कच नाही का?

प्रश्न : मी माहेरची डिचोलीची, दिलंय फोंड्याला. लग्नाला पंधरा वर्षं झाली, रजिस्टर पण इथंच झालंय. आता घटस्फोटाची केस घालायची वेळ आलीय. फ्लॅट लग्नानंतर घेतला पण एकट्या नवऱ्याच्या नावावर आहे आणि हप्ते त्याच्या पगारातनं जातात, मी घरीच असते, मध्ये थोडे दिवस बालवाडीत शिकवलं तेवढंच. सासऱ्यांचं कुळागर, म्हणजे पोफळी-माडांची बाग आहे, सासरे वारले, सासू, दीर आणि नणंद आहेत. नवरा म्हणतो तू एक पैसा कमावला नाहीस, पोटगी मिळेल ती घे आणि गप जा. खरंच असं असतं का?

उत्तर : नाही हो ताई. नवरा सांगतोय तो कायदा पत्रादेवीच्या नाक्यापलीकडचा, म्हणजे महाराष्ट्रातला आहे. आपल्याकडं गोव्यात १८६७ चा पोर्तुगीज सिव्हिल कोड १८७० पासून लागू झाला आणि १९६१ ला गोवा मुक्त झाला तरी नवरा-बायकोच्या मालमत्तेची त्यातली पद्धत चालू राहिली. त्यात साधा हिशोब असा की लग्नाआधी नोटरीकडं वेगळा करार केला नसेल तर रजिस्टर लग्न झाल्यापासून दोघांची मालमत्ता एकत्र होते आणि प्रत्येकाचा त्यात अर्धा वाटा असतो. म्हणजे कोर्ट तुमच्यावर मेहेरबानी करून अर्धं देणार नाहीय, ते आधीपासूनच तुमचं आहे, कोर्ट फक्त वेगळं काढून देणार. कोण किती कमावत होतं, भांडी कोण घासत होतं, हे जज मोजत बसत नाही.

त्यामुळं फ्लॅट कुणाच्याही नावावर असू दे, अर्धा तुमचा. बँकेचं राहिलेलं कर्ज वजा होईल हे धरून चाला.

कुळागराचं मात्र नीट समजून घ्या, कारण इथं बायका एकतर काहीच मागत नाहीत नाहीतर अर्धं कुळागर मागतात. सासऱ्यांनी मृत्युपत्र केलेलं नाही असं धरू. अर्धं कुळागर आधीच सासूचं, त्यांच्या लग्नामुळं. उरलेलं अर्धं तीन मुलांत सारखं, नणंद धरून, म्हणजे तुमच्या नवऱ्याला एकूणातला सहावा हिस्सा, आणि त्यातलं अर्धं तुमचं म्हणजे बारावा. कमी वाटेल, पण पोफळी, माड, मिरी आणि खालची जमीन धरली तर फोंडा भागात तो छोटा आकडा नाही. सासऱ्यांची वाटणी अजून झाली नसेल तर त्या कामात सून म्हणून तुमचं नाव लागतं, तेव्हा दिरानं "इथं एक सही कर गं वहिनी" म्हणून कागद पुढं केला तर वाचल्याशिवाय करू नका, चहा थंड झाला तरी चालेल.

खरं भांडण होतं ते अर्ध्यावरनं नाही, यादीवरनं. घटस्फोटाची डिक्री झाली की वाटणीसाठी वेगळी इन्व्हेंटरी, म्हणजे मालमत्तेची यादी करून वाटणी करायची कोर्टातली केस लागते. त्यात एकाला कारभारी नेमतात, जुने वकील त्याला अजून काबेसा द काझाल म्हणतात, तो शपथेवर सगळ्या मालमत्तेची यादी देतो आणि दुसऱ्याला त्यावर हरकत घेता येते. यादीत जे आलंच नाही त्याचं अर्धं कुठून मिळणार? जमीन बायकोच्या सहीशिवाय विकता येत नाही म्हणून ती सहसा जागेवर असते, पण एफडी, म्युच्युअल फंड, भावाच्या नावावर घेतलेली गाडी हे सगळं केस घालायच्या आधीच हळूहळू गायब होतं. आताच जमिनीचे एक-चौदाचे उतारे, फ्लॅटचं सेल डीड, पासबुकांचे फोटो जमवा. आणि एक गोष्ट बऱ्याच वकिलांना पण सुचत नाही, नवऱ्याचं इन्कम टॅक्स रिटर्न बघा. इन्कम टॅक्स कायद्याप्रमाणं (१९६१ च्या कायद्यात कलम ५ए) पगार सोडून बाकीचं उत्पन्न, भाडं, व्याज, धंदा, आपल्याकडं नवरा-बायकोत निम्मं निम्मं दाखवावं लागतं, त्यासाठी रिटर्नमध्ये शेड्यूल ५ए असतं आणि त्यात तुमचा पॅन नंबर असतो. नवऱ्यानं ते नीट भरलं असेल तर अर्धी यादी तिथंच मिळेल, आणि पगाराशिवाय उत्पन्न असूनही भरलं नसेल तर का नाही भरलं हे कोर्टात विचारा.

एक गोष्ट मला स्वतःला खटकते. इन्व्हेंटरीत एखादी वस्तू दोघांना हवी असेल तर बोली लागते, जो जास्त बोलेल त्याला ती मिळते आणि तो दुसऱ्याला फरकाचे पैसे देतो. कागदावर समान, पण ज्याच्या हातात रोकड तोच जिंकतो, आणि घरी बसलेल्या बाईच्या हातात रोकड कुठली. म्हणून मूल्यांकनाच्या वेळी गप बसू नका, जुन्या दरानं किंमत लावली तर लगेच हरकत घ्या, बोली हरलात तरी पैसे बरोबर मिळतील.

प्रश्न : मुलाचं लग्न ठरलंय. उद्या वर्षभरात मोडलं तर सुनेला आमच्या घराचं अर्धं जाईल का हो? — एक आई, म्हापसा

उत्तर : तुम्ही हयात असताना तुमचं घर तुमचं, मुलाचंच नाही तर सुनेचं कुठून होईल. पुढं वारशानं मुलाकडं आलं आणि तेव्हा लग्न टिकून असेल तर मात्र एकत्रात येतं. नको असेल तर मुलाला आणि होणाऱ्या सुनेला लग्नाआधी करार करता येतो, पूर्ण वेगळं किंवा फक्त लग्नानंतर कमावलेलं एकत्र. लग्नानंतर तो बदलता येत नाही, त्यामुळं हॉल बुक करायच्या आधी हे बोला. दुसरा रस्ता, तुम्ही काही बक्षीस देताना हे जोडीदारात एकत्र होणार नाही अशी अट घालू शकता. आणि सुनेला हे तोंडावर सांगा, सगळे कागद तिच्या पाठीमागं करून मग तिनं घर आपलं मानावं ही अपेक्षा बरी नाही.

प्रश्न : बहीण कुडाळला दिलीय, लग्न तिथलंच, भावोजी पण तिथलेच. तिला गोव्यासारखा अर्धा हिस्सा मिळेल? — एक भाऊ, पेडणे

उत्तर : नाही. तिकडं हिंदू विवाह कायदा, आणि त्यात ज्याच्या नावावर त्याचं. कलम २७ आहे पण ते लग्नाच्या वेळी दोघांना मिळालेल्या भेटवस्तूंपुरतं. स्त्रीधन पूर्ण तिचं, पोटगी मागता येते, राहत्या घरातनं हाकललं तर २००५ च्या घरगुती हिंसाचार कायद्याखाली राहायचा हक्क मागता येतो. पोटगीच्या केसमध्ये दोघांनी मालमत्तेचं आणि उत्पन्नाचं अफिडेव्हिट द्यायचं असं सुप्रीम कोर्टानं २०२० मध्ये ठरवून दिलंय. भावोजींचं दुकान वगैरे असेल तर अफिडेव्हिटमधला आकडा जीएसटी रिटर्नशी ताडून बघायला वकिलाला सांगा.