खलनायकाची भूमिका मिळालेल्या तरुण नटास

चि.,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. मालिकेत खलनायकाचं काम मिळालं हे वाचून फार आनंद झाला. पण पुढं तू विचारलंयस, "एकदा व्हिलन केला की कायमचा शिक्का बसतो म्हणतात. घेऊ का नको?"

घे. शिक्क्याचं नंतर बोलू. आधी ते काम करायचं कसं, ते बोललं पाहिजे. तू पाठवलेला व्हिडिओ मी दोनदा पाहिला. त्यात तू डोळे वटारतोस, दात आवळून बोलतोस आणि दर वाक्याला आवाज चढवतोस. समोर उभ्या असलेल्या पोराकडं मात्र तुझं लक्ष नाही. खलनायकाची दहशत समोरच्याच्या चेहऱ्यावर दिसते, बाळा. तो घाबरला तर प्रेक्षक घाबरतो. त्यासाठी तू त्याला बघायला पाहिजेस, त्याचं ऐकायला पाहिजेस आणि त्याला वेळ द्यायला पाहिजेस.

निळूभाऊ फुल्यांचा ‘सामना’ सिनेमा परत बघ. हिंदुराव धोंडे पाटील म्हणजे साखर कारखान्याचा मालक म्हणावा असा माणूस. मास्तरला घरी ठेवून घेतो, त्याचा पाहुणचार करतो. डॉ. लागूंचा मास्तर गायब झालेल्या मारुती कांबळेचं काय झालं ते विचारत राहतो. तू त्या प्रसंगांत निळूभाऊंची वाक्यं ऐकू नकोस, ते ऐकत असताना काय करतात ते बघ. हे ऐकणं त्यांच्याकडं सिनेमातनं आलेलं नव्हतं. राष्ट्र सेवादलाचं कलापथक, मग शंकर पाटलांचं ‘कथा अकलेच्या कांद्याची’ हे वगनाट्य, अशी त्यांची वाट. वगात बतावणी असते, म्हणजे ऐनवेळी सुचेल तशी केलेली हजरजबाबी बोलाचाली. समोरचा ऐनवेळी काय टाकेल सांगता येत नाही, त्यामुळं कान उघडे ठेवावेच लागतात. ‘एक गाव बारा भानगडी’ १९६८ चा, म्हणजे सिनेमात आले तेव्हा ते चाळिशीच्या उंबरठ्यावर होते. तोवरची सगळी वर्षं हे कान तयार होण्यात गेली होती. पुढं १९७२ मध्ये रंगमंचावर त्यांनी ‘सखाराम बाइंडर’ उभा केला. पडद्यावरचा पाटील आणि नाटकातला सखाराम एकाच नटानं केले, हे विसरू नकोस.

सदाशिव अमरापूरकर नगरकडचे, तेही नाटकातनंच आलेले. १९८३ च्या ‘अर्धसत्य’मध्ये त्यांच्या रामा शेट्टी या गुंडाला प्रसंग किती थोडे आहेत ते बघ. आपल्याच घरात वावरावं तितक्या सैलपणे तो बोलतो आणि समोरचा इन्स्पेक्टर आतून जळत राहतो. त्या कामाला सहायक अभिनेत्याचं फिल्मफेअर मिळालं. १९९१ च्या ‘सडक’मधली त्यांची कोठेवाली महाराणी अगदी उलट, भडक. तिला खलनायकाचं फिल्मफेअर. मोठं करायला माझी हरकत नाही. पण ज्याला बारीक करता येतं त्यानं मोठं केलं तर ते शोभतं.

आता सेटवरची अडचण. नाटकात समोरचा नट दोन तास तुझ्याबरोबर असतो. मालिकेत त्याचा क्लोज, म्हणजे जवळून घेतलेला चेहऱ्याचा शॉट, आधी उरकतात आणि तो मेकअप रूममध्ये निघून जातो. मग तुझा क्लोज लागतो, तेव्हा कॅमेऱ्याशेजारी उभा राहून सहायक दिग्दर्शक हातातल्या कागदावरनं सपाट आवाजात क्यू, म्हणजे समोरच्याची वाक्यं, देतो. तिथं कॉलेजातनं थेट आलेली पोरं कोरडी पडतात. तू तालमीत महिना महिना एकाच नटासमोर उभा राहिलेला आहेस. त्याचा श्वास कुठं अडकतो, नजर कधी खाली जाते, हे सगळं आठवून त्या कागदवाल्यासमोर उभा राहा. आणि तुझा क्लोज आधी झाला तर समोरच्यासाठी थांब. स्वतः क्यू दे. त्याचा चेहरा चांगला आला की तुझा खलनायक आपोआप मोठा होतो.

आवाज मात्र उतरव. शेवटच्या रांगेपर्यंत पोचवायची सवय चांगलीच, पण इथं माईक तुझ्या शर्टाच्या आत आहे.

भूमिका शोधायला मुंबईला जायला नको. कोल्हापूर जिल्ह्यात साखर कारखान्यांच्या, दूध संघाच्या निवडणुका बघतच आपण वाढलो. एखाद्या लग्नात मांडवाच्या दाराशी उभा राहा आणि मोठा माणूस येतो तेव्हा बघ. त्याचा फोन दुसऱ्याच्या हातात असतो. तो खुर्ची ओढत नाही, खुर्ची त्याच्यामागं येते. बसल्यावर तो कुणातरी म्हाताऱ्याची चौकशी करतो, अगदी खरी, आणि त्याच वेळी नजरेनंच एकाला बाहेर काढतो. हे मला तुझ्या कामात दिसलं पाहिजे. आणि बोली तुझी स्वतःची ठेव. मालिकावाले दर वाक्यात ‘लई’ घालतात तेवढ्यानं कोल्हापुरी होत नाही. आपला हेल वाक्याच्या शेवटाला असतो, तो तुझ्या आज्जीकडनं घे.

शिक्क्याची भीती खोटी नाही. आपल्याच कोल्हापूरच्या गणपत पाटलांनी तमाशापटांतला बायकी नाच्या असा रंगवला, की लोकांनी त्यांना दुसऱ्या रूपात बघायचंच नाकारलं. एवढ्या ताकदीच्या नटाचं असं व्हावं याचं मला आजही वाईट वाटतं. शिक्का प्रेक्षक मारतो, निर्माता तो पक्का करतो. तुझ्या हातात एकच गोष्ट आहे, वर्षाला एक तरी नाटक. त्यात खलनायक सोडून काहीही कर. भित्रा कारकून कर, कीर्तनकार कर, म्हातारा बाप कर. कुणीतरी दिग्दर्शक ते बघायला येतो. ‘अर्धसत्य’च्या आधी अमरापूरकर रंगमंचावर ‘हँड्स अप’ करत होते.

नाटक करायचं कुठं, म्हणशील. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री आपल्या कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह जळालं, दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. शाहू महाराजांनी १९१५ मध्ये उभं केलेलं ते थिएटर आगीत बघताना आपल्यातले कितीजण रस्त्यावर उभे राहून रडले. पण तालमीला थिएटर लागत नाही. शाळेचा हॉल चालतो, कुणाची गच्ची चालते.

करारावर सही करण्याआधी दोन गोष्टी बघ. मालिकेचे पैसे साधारण तीन महिन्यांनी हातात येतात, तेवढ्या दिवसांची घरखर्चाची सोय आधी कर. आणि नाटकाच्या प्रयोगांसाठी महिन्यातले चार दिवस सुट्टी हवी, हे करारात लिहून घे. प्रॉडक्शनवाले "बघू की, सांभाळून घेऊ" म्हणतील. त्यावर राहू नकोस. ते लिहून द्यायला तयार नसले तर सही करायच्या आधी मला फोन कर.

तुझा,
काका