प्रार्थना करूनही मोह सुटत नाही, दुःख सरत नाही. ख्रिस्ती माणसाने धीर कसा धरावा?

खचलात म्हणजे तुमचा विश्वास कमी पडला, असं कुणी म्हणालं तर मुळीच मनावर घेऊ नका. बायबलमधलं १ राजे, अध्याय १९ वाचा. एलीया संदेष्टा रानात झुडपाखाली बसून देवाजवळ मरण मागतो. देव त्याच्यावर रागावत नाही. देवदूत त्याला हलवून उठवतो, समोर निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाणी. तो खातो, पुन्हा झोपतो, मग परत खायला मिळतं. उपदेश नाही, आधी जेवण आणि झोप! शोकात लांबलचक प्रार्थना जमत नसेल तर स्तोत्र १३ मोठ्याने वाचा. त्यात दावीद देवाला चार वेळा "कोठवर?" विचारतो. तुम्हीही विचारा.

मोहाचं मात्र वेगळं. तिथे झुंजत बसू नका, निघा. धन्याच्या बायकोने मोहात पाडायला वस्त्र धरलं, तेव्हा योसेफ ते वस्त्र तिथेच टाकून पळाला. १ करिंथ १०:१३ प्रमाणे परीक्षेतून निभावण्याचा उपायही देवच करतो. माझ्या मते पुष्कळदा तो उपाय म्हणजे फोन ठेवून देणं आणि मंडळीतल्या एखाद्या विश्वासू माणसाला सगळं सांगणं.

आणि पंडिता रमाबाईंकडे पाहा. आईवडील दुष्काळात गेले, १८८२ साली पती गेले, १९२१ साली एकुलती एक मुलगी मनोरमाही गेली. त्याही दिवसांत केडगावला मुक्ती मिशनमध्ये बायबलच्या मराठी भाषांतराचं काम त्यांनी सोडलं नाही.