सासूबाईंचं नाव गुणगौरवाच्या यादीत द्यावं का?

पत्र

ताई, माझ्या सासूबाई ५८ वर्षांच्या आहेत. १९८३ साली दहावी झाल्या, पुढच्याच वर्षी लग्न झालं आणि शिक्षण तिथंच थांबलं. सहा वर्षांपूर्वी त्यांनी इग्नू या मुक्त विद्यापीठाची बीपीपी (पदवीच्या आधीचा तयारीचा अभ्यासक्रम) केली आणि मग बी.ए.ला नाव घातलं. आता जूनच्या परीक्षेचा निकाल लागला आणि त्या फर्स्ट क्लासमध्ये पास झाल्या. आमच्या वाड्यावरचं मंडळ चवथीत (गणेशोत्सवात) दहावी-बारावीच्या मुलांचा गुणगौरव करतं. त्या यादीत त्यांचं नाव द्यावं असं मला फार वाटतं. नवरा म्हणतो, "आईला शिकायला दिलं एवढं पुरे, आता स्टेजवर कशाला?" सासूबाई स्वतः म्हणतात, "नाका गो, लोक हांसतले." पण मार्कलिस्ट आली तेव्हा त्यांनी ती दोन दिवस देव्हाऱ्यात ठेवली होती. मी काय करू?

— एक सून, डिचोली तालुका

उत्तर

बाय, नाव जरूर दे. पण आधी सासूबाईंना विचार, तेही घरात दोघीच असाल तेव्हा.

त्यांचे शब्द नीट ऐक. "माका नाका" असं त्या म्हणाल्या नाहीत, "लोक हांसतले" म्हणाल्या. त्यांना भीती आहे ती लोकांची. नको असलेला कागद कोणी देवापुढे ठेवत नाही. तरीही विचारल्यावर त्या ठामपणे नाही म्हणाल्या, तर तिथं थांब. त्यांना न सांगता परस्पर नाव देऊन "सरप्राईज" तर मुळीच करू नको.

लोक हसतील ही भीती कुठून येते ते मला ठाऊक आहे. मी एम.ए. झाले तेव्हा ४१ वर्षांची होते. एका कार्यक्रमात माझा सत्कार झाला. निवेदक म्हणाले, "मुलांची लग्नं ठरवायच्या वयात ताई परीक्षेला बसल्या!" टाळ्या पडल्या, शाल आली, श्रीफळ आलं. माझा विषय कोणता होता, मी काय वाचलं, हे शेवटपर्यंत कोणी विचारलं नाही. घरी येऊन शाल घडी करताना मला रडू आलं. दोन वर्षं मी जागून केलेला अभ्यास त्या सत्कारात कुठंच नव्हता, माझं वय तेवढं होतं.

म्हणून सासूबाईंचा सत्कार कराल तो अभ्यासाचा करा. त्या दहावी झाल्या तेव्हा गोव्याला स्वतःचं विद्यापीठही नव्हतं. गोवा विद्यापीठ १९८५ सालचं आणि इग्नूही त्याच वर्षीची. तोवर त्या संसारात अडकल्या होत्या. बारावी नसलेल्याला तेव्हा बीपीपीतून पदवीकडे जाता यायचं, ती वाट त्यांनी स्वतः शोधली. इग्नूत साधारणपणे ३० टक्के गुण असाइनमेंटचे आणि ७० टक्के लेखी परीक्षेचे असतात. वय बघून कोणी मार्क वाढवत नाही. फर्स्ट क्लास म्हणजे फर्स्ट क्लास, वीस वर्षांच्या मुलाचा तसाच त्यांचा.

अमेरिकेत नोकरी आणि घर सांभाळून कॉलेज करणाऱ्या प्रौढांसाठी अल्फा सिग्मा लॅम्डा नावाची गुणवंतांची संस्था आहे. दुसरं महायुद्ध संपल्यानंतर लगेचच ती सुरू झाली. वय जास्त आहे एवढ्यावर तिथं कोणाला घेत नाहीत, मार्क बघून घेतात. मला ही रीत फार आवडते. आपल्या मंडळालाही ती जमेल.

आता तुझ्या नवऱ्याचं. "शिकायला दिलं" हे वाचून मला वाईट वाटलं. अडवलं नाही, त्याचं श्रेय त्याला आहेच. पण लिहिलं आईने, परीक्षेला बसली आई. त्याच्याशी वाद घालू नको. तपासून परत आलेली त्यांची एखादी असाइनमेंट असेल तर त्याच्या हातात दे, आणि तो वाचत असताना तू काही बोलू नको. दहावीनंतर पस्तीसहून जास्त वर्षांनी पेन धरलेल्या हाताचं ते अक्षर आहे. बहुतेक मुलांनी आईचं अक्षर वाणसामानाच्या यादीपलीकडे पाहिलेलं नसतं. त्याची "स्टेजवर कशाला" ही धास्तीही आई हसण्यावारी जाईल याचीच असावी. त्याला सांग की तसं होऊ नये याची तजवीज आपणच करू.

ती तजवीज अशी. मंडळाच्या सेक्रेटरीला नुसतं नाव देऊ नको. सासूबाईंना विचारून चार ओळी लिहून दे: नाव, पदवी, त्यांना आवडलेला विषय, मिळालेला वर्ग. "या वयात", "आजीबाई", "नातवंडांसोबत" यातलं काही बोलू नका, असं त्याला स्पष्ट सांग. ज्येष्ठ नागरिकांच्या सत्कारात त्यांना बसवू नका. त्यांचं नाव बारावीच्या मुलांच्या लगेच नंतर पुकारू दे. मुलांना प्रमाणपत्र आणि पुस्तक मिळत असेल तर त्यांनाही तेच मिळू दे, शाल नको. दोन शब्द बोलायचे का, तेही त्यांनाच ठरवू दे.

त्या यायला तयार झाल्या नाहीत, तरी घरी एक गोष्ट कर. चवथीला सगळी भावकी जमते. जेवणं आटोपली की त्यांच्याजवळ बस आणि विचार, "आई, तुम्हाला कुठला पेपर सगळ्यात आवडला?" मग त्या सांगतील तितका वेळ ऐक.

आणि पदवीदान समारंभासाठी वेगळी नोंदणी करावी लागते, शुल्कही भरावं लागतं. ती तारीख चुकवू नको. फॉर्म त्यांच्यासोबत बसून भर, आणि त्या दिवशी नवऱ्याला रजा काढायला आत्ताच सांगून ठेव.

— तुझी ताई